खांबाचा नारळ

धान्यबाजाराच्या मोंढ्याजवळच्या चौकात द्वारकाबाईच्या चहाच्या टपरीला खेटून रस्त्याचं कंत्राट घेतलेल्या गुत्तेदाराच्या माणसांनी खड्डा खणला. देखरेखीला तिचा सख्खा मावसभाऊ कल्याण होता. “तुझ्या टपरीवर पत्रा टाकायला खांब रोवून राह्यलो, अक्का,” तो म्हणाला. तिनं हरखून खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा भावाच्या हातावर ठेवला. त्यानं तो कपाळाला लावून खाल्ला. आज त्याच खांबावर डावीकडं वळणाऱ्या गाड्यांसाठी हिरव्या बाणाचा नवा सिग्नल चढला, आणि त्या गाड्यांना वाट करायला टपरी उचलणारी क्रेन आली. क्रेनपुढं कल्याणच उभा होता. “नकाशात पहिल्यापासून असंच व्हतं, अक्का. खरं सांगितलं असतं तर तू खड्डा खंदू दिला नसता.” उकळता चहा गटारात ओतून द्वारकाबाई त्याच्यासमोर आली. “मंग माझ्या हातचं खोबरं कशाला खाल्लं रे?”