थायलंड धरून ठेवा

सकाळी साडेनऊ वाजता पवनीत परसरामच्या गच्चीवरची डिश एकदाची थायलंडला लागली. मुलगा अंकुश तिथल्या विहारात तीन महिन्यांसाठी श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, झाला होता. मोबाइल विहारात जमा, त्यामुळे दोन महिने घरच्यांना ना त्याचा आवाज, ना तोंड. आज त्याच विहारातला सोहळा तिथल्या चॅनलवर दिसणार होता. डिश पक्की करणारा मिस्त्री मात्र उद्या येणार होता. म्हणून परसराम तिला दोन्ही हातांनी कवटाळून उभा होता. हात जरा हलला की खाली चित्र जायचं.

"दिसला जी," खालून बायको सत्यभामा ओरडली. "दुसऱ्या रांगेत. जांभई देऊन राहिला."

"मलेबी पाहू दे. वर ये, धर."

ती वर आली, तो खाली धावला. पडद्यावर साठ डोकी, सगळी सारखीच गुळगुळीत, अंगावरची चीवरंही एकाच रंगाची.

"तो नाही व," परसराम ओरडला. "आपला खांबाजवळ आहे. ध्यान करून राहिला."

"ध्यान करून राहिला तर तो अंकुश नाही," वरून उत्तर आलं. "नीट पाहा."

दोघांनी मिळून पाहायचं तर डिश धरायला तिसरं माणूस हवं. शेजारच्या गोदावरीबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "धरतो, पण आधी मले पाहू द्या."

साडेअकरापर्यंत अंकुश तीन झाले होते, आणि डिशपाशी पुन्हा परसरामच उभा होता.