दुसरी चौकट

सोलर कंपनीचा ड्रोन दर मंगळवारी सकाळी गुडगावच्या नव्या सेक्टरांवरून फिरायचा आणि गच्च्यांचे फोटो मानेसरच्या ऑफिसात शार्दूलच्या स्क्रीनवर यायचे. मशीन त्यांवर आपोआप चौकटी आखायचं. माणसाभोवती पिवळी, सावलीभोवती निळी. सावली पडते तिथे पॅनेल बसवत नाहीत, म्हणून निळ्या चौकटीवर शेरा ठरलेला: ‘वगळा’.

एका मंगळवारी त्याला स्वतःचीच गच्ची दिसली. त्याची बायको उल्का चादरी वाळत घालत होती. एकटीच. पण पिवळ्या चौकटी दोन होत्या. दुसरी टाकीपाशी, रिकाम्या फरशीवर.

पुढच्या मंगळवारी ती रिकामी चौकट दोरीपाशी आली. त्याच्या पुढच्या मंगळवारी उल्काला खेटली.

मशीनला दिसतो तो आपल्याला दिसत नाही, या विचाराने शार्दूल जळत राहिला. शेवटी त्याने घरी विचारलंच, “सकाळी गच्चीवर कोण असतं गं?”

“कोण असणार यार? तू तर ऑफिसात असतोस,” उल्का म्हणाली आणि हसली. इतकं छान ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती.

मंगळवारी त्याने सुट्टी टाकली. गच्चीवर तिच्या उजव्या हाताला अगदी चिकटून उभा राहिला. ड्रोन डोक्यावर आला तसा त्याने मुद्दाम हात हलवला.

बुधवारी ऑफिसात फोटो उघडला. पिवळ्या चौकटी दोनच होत्या. एकीत उल्का, मान डावीकडे वळवून हसणारी. दुसरी तिच्या डावीकडे, रिकामी.

हात हलवणाऱ्या शार्दूलभोवतीही चौकट होती. निळी. वर शेरा होता: ‘वगळा’.