अकरा टोपडी

“किल्ली दे, मार्लिस.” नोरीनने तिसऱ्यांदा हात पुढे केला.

मोठी बहीण दारातल्या बाकावर बसली होती. पायांत बर्फात घालायचे बूट, मांडीवर पर्स, पर्समध्ये नोरीनच्या गाडीची किल्ली. ती ढिम्म हलेना.

डलुथ शहरात नोरीनचा पहिला नातू जन्मला होता. तीन दिवसांचा. सहा वर्षं अबोला धरलेल्या लेकीने, ब्रिटाने, सकाळी स्वतः फोन केला होता, “आई, आज ये.” दोन तासांचा तर रस्ता. नोरीनने घाईघाईने कोट चढवला, तर खिळ्याला किल्ली नव्हती.

“किती झोपलीस?” मार्लिसने विचारलं.

“आजी झालेय मी! झोप कुणाला येतेय?”

“आणि हे काय?”

टेबलावर लोकरीची अकरा टोपडी होती. तीन दिवसांत विणलेली.

“बाळाला डोकं एकच आहे, नोरीन.”

नोरीनला हसू फुटलं आणि लगेच धडकी भरली. जरा जास्तच मोठ्याने हसले का? मनाला कधी उधाण, कधी ओहोटी आणणारा बायपोलर आजार होताच, जोडीला ही चिंताही राशीला बसलेली. दूध ओतण्याआधी हुंगावं, तसा ती आपला प्रत्येक आनंद हुंगून बघायची. आजचा तिने सकाळपासून दहादा हुंगला होता. चांगला होता. पण पटवायचं कुणाला? रडलं तरी गोळीची चौकशी, गाणं गुणगुणलं तरी गोळीची चौकशी. या घरात तिचा जीव गुदमरायचा.

“गोळ्या घेतल्यात. एकही चुकवली नाही. हा आजार नाही गं, मला खरंच आनंद झालाय! तू कोण लागून गेलीस मला कोंडून ठेवणारी?”

मार्लिसचे डोळे भरून आले. “दोन दिवस नीट झोप. मग मी स्वतः नेईन तुला.” तिने पर्स उघडली. किल्ली काढली नाही. घडी घातलेला एक कागद काढला आणि बहिणीपुढे धरला.

अक्षर नोरीनचंच होतं. सहा वर्षांपूर्वीचं. ब्रिटाला शेजारी बसवून, अशाच आनंदाच्या भरात तिने गोठलेल्या तळ्यावरच्या एप्रिलमधल्या पातळ बर्फावर गाडी घातली होती, त्यानंतरच्या आठवड्यातलं.

‘मार्लिस, कधीतरी मी तुला म्हणेन, हा आजार नाही, खरा आनंद आहे. कदाचित तो खराही असेल. तरी किल्ली देऊ नकोस.’