बांधाखालची हरळी

भुईमुगातलं तण उपटताना हौसाबाईच्या हाताला जमिनीखालून पसरलेली हरळीची लांबलचक काशी लागली. तिनं ओढली, तर बांधापलीकडून कुणीतरी ती उलटी ओढली. हौसाबाईनं पाय रोवून जोराचा हिसडा मारला. काशी तुटली. हौसाबाई चिखलात उताणी पडली, आणि पलीकडंही धप्पकन आवाज झाला.

पलीकडं तिची धाकटी जाऊ छबू पडली होती. वाटण्या झाल्यापासून दोन्ही घरांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. शेजारचं तण आपलं पीक खातंय, एवढंच दोघी गावभर सांगत.

"आक्का, लागलं का वं?" छबूनं विचारलं.

"नाही गं. पण तुझ्या नाकावर गांडूळ हाय!"

छबू किंचाळली, मग खिदळायला लागली. हौसाबाईलाही हसू आवरेना. दोघींना धड उठताही येईना.

ओरडा ऐकून दोघींचे नवरे भांडण सोडवायला धावत आले आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना बावचळून उभे राहिले.

"बांधाखाली अजून लई हरळी हाय," हौसाबाई डोळे पुसत म्हणाली. "आमच्यात जीव नाही उरला. तुम्ही दोघं भाऊ ओढा."

थोरल्यानं घसा खाकरला. खाली वाकला. मग धाकट्याला म्हणाला,

"धर रं."