डावीकडचा ब्रेक

या मायबाप, असे जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा, मागच्यांनाही पुढे येऊ द्या. एका बापाच्या पायाची गोष्ट सांगतो.

धुळ्यात नासीरभाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या अंगणात वनाआबा एका जुन्या पांढऱ्या गाडीपाशी अडून बसले होते. त्यांना हीच गाडी हवी होती. शिकवणारा डाव्या बाजूला बसतो आणि त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, म्हणून हीच. नासीरभाई परोपरीनं सांगत होते की ही नवशिक्यांच्या हाताखाली झिजली आहे, हिच्यापेक्षा चांगली बघून देतो. आबा ऐकेनात.

कारण नासीरभाईंना ठाऊक होतं. आबांचा थोरला प्रेमराज मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. त्याचं लायसन एजंटानं घरपोच आणून दिलेलं. वळण्याआधी मागे बघावं लागतं, एवढंही त्याला कुणी शिकवलं नव्हतं. धाकटा नवल शिकला तर रीतसर शिकेल, हे आबांनी तेव्हाच ठरवलं. नवल नासीरभाईंकडेच शिकला, आणि असा शिकला की ते नव्या पोरांना त्याचं उदाहरण देत. पण आबांना पोराच्या पायाची खात्री वाटेना. स्वतःच्या पायाची वाटे, आणि त्यांनी तर आयुष्यात बैलगाडीपलीकडे काही हाकलं नव्हतं.

शेवटी नासीरभाई कबूल झाले. कागदपत्रं व्हायची होती, गाडीचंही थोडं काम होतं. ते झाल्यावर गाडी आणायला नवल एकटाच गेला. यायला जरा उशीर झाला. नासीरभाईंनी चहाला बसवून घेतलं, म्हणाला.

मग त्या बापलेकांचा संसारच सुरू झाला. आबा कीर्तनातले टाळकरी. सप्ताह दोंडाईच्याला असो की पार यावलकडे, नवल गाडी काढायचा आणि आबा डावीकडे बसायचे. पट्टा लावायचा, विठ्ठलाचं नाव घ्यायचं आणि उजवा पाय त्या ब्रेकवर ठेवायचा. समोरून ट्रॉली आली, पाय दाबला, गाडी हळू. शाळेपुढे पोरं दिसली, पाय दाबला, गाडी हळू. देवाचं नाव आणि पायाखालचा ब्रेक, दोन्ही हाकेला धावतात असं आबांना वाटायचं.

नवलची अट एकच होती. टाळांची पिशवी मांडीवर घ्यायची नाही, धोतराचा सोगाही पायावर लोळू द्यायचा नाही.

"थैली मांगे ठेवा, आबा," तो म्हणायचा. "पाय मोकळा राहू द्या."

आबांना ते पटायचं. ब्रेक मारायचा तर पाय मोकळा हवाच.

गावात थट्टा व्हायची. पारावरचे म्हणायचे, वनाच्या गाडीला दोन ड्रायव्हर शेतस. दोन शेतस पण पगार एकबी नही, असं नवल हसून सांगायचा. भजनी मंडळातल्या एकानं तर तोंडावर विचारलं, की एवढा दाढीमिशीचा झालास आणि बाप शेजारी बसून ब्रेक मारतो, लाज नाही वाटत? नवलनं त्याला मागच्या सीटचा पट्टा लावायला सांगितला आणि गाडी सुरू केली.

घरी आल्यावर आबा बायकोला, मंजुळाबाईंना, सांगायचे की आजही पोराला वाचवून आणला. त्या देवाकडे बघून हात जोडायच्या.

एकदा आबांना ताप भरला. नेमकं त्याच दिवशी कीर्तनकार बुवांना धुळ्याच्या स्टँडवर सोडायचं होतं. आबा खाटेवरून उठायला गेले, पण पाय लटपटले आणि ते पुन्हा बसले.

"सोडीसनी लगेच येस, आबा," म्हणून नवल निघाला.

तो आला नाही. परतताना, लख्ख दुपारी, एक टेम्पो उलट्या बाजूनं आला. टेम्पोवाला मोबाईलवर बोलत होता. बघणाऱ्यांनी पोलिसांना सांगितलं की नवलनं गाडी पार रस्त्याखाली उतरवून उभी केली होती. टेम्पो तिथं जाऊन तिच्यावर आदळला.

आबांच्या डोक्यात यातलं काही शिरलं नाही. ते एकच म्हणत राहिले, मना पाय नव्हता, ब्रेकवर मना पाय नव्हता. दिवसकार्य उरकलं. बुवांनी समजूत घातली, मंजुळाबाईंनी स्वतःचं रडू गिळून घास भरवायला बघितला. काही उपयोग नाही. हाताला धरून कीर्तनाला नेलं, तर अभंग रंगात असताना आबांचे टाळ गप्प आणि उजवा पाय सतरंजी दाबतोय. शेजारचे टाळकरी तिकडे बघायचे आणि मान फिरवायचे.

नासीरभाई भेटायला आले तेव्हा आबा भिंतीला टेकून बसले होते.

"मी त्याले दर येळे वाचाडं, भाई," आबा म्हणाले. "त्या दिन मना पाय ऱ्हाता ते पोरगा वाचता."

 नासीरभाईंनी कुणाला तरी शब्द दिला होता. पण आबांचा पाय आत्ताही जमीन दाबत होता, टाच पांढरी पडेपर्यंत.

"आबा," ते म्हणाले, "शिकवायची गाडी घरच्या वापराला द्यायची तर डावा ब्रेक काढावा लागतो. तुमचा हट्ट होता म्हणून मी पायडल तेवढं राहू दिलं. खालची सळई काढून टाकली. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून."

आबांनी मान वर केली.

"नवलला मी तेव्हाच सांगितलं होतं. तो म्हणाला, आबाले सांगू नका, भाई. त्यास्ना पाय माले दिखस."

तर मायबाप, उद्या कुणाच्या गाडीत डावीकडे बसाल, भीतीनं तुमचा पाय दाबला जाईल आणि गाडी हळू होईल, तेव्हा आमच्या नवलची आठवण ठेवा.