उसनी लक्षणं

धाकट्या जावेची चिमी वर्गात एका जागी टिकत नाही म्हणून तिला समुपदेशक बाईंकडे नेलं, तर पोरगी विलक्षण बुद्धीची निघाली! तेव्हापासून थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबेचना. महिन्याभरात तीही आपल्या लेकीला घेऊन त्याच बाईंसमोर हजर झाली.

फॉर्म तिने एका दमात भरला. खुर्चीत बसवत नाही, कामं अर्धवट टाकते, प्रश्न विचारून भंडावून सोडते. वर्षभर जावेचं रडगाणं ऐकून सगळं तोंडपाठ होतं.

लेक शेजारी हाताची घडी घालून बसली होती.

बाईंनी फॉर्म वाचला, मग मुलीकडे पाहिलं. "हे सगळं एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, असलेल्या मुलांतही दिसतं आणि अतिहुशार मुलांतही. म्हणून मी आधी एक विचारते. ही तहानभूक विसरून कशात रमते?"

"घड्याळं उघडण्यात," थोरली ताडकन म्हणाली.

"आई, घड्याळं चिमी उघडते," लेक हळूच म्हणाली.

"बरं. आणि ही?" बाईंनी विचारलं.

थोरलीने लेकीकडे पाहिलं. उत्तर ऐकायला लेकही तिच्याच तोंडाकडे बघत होती.