पाळणाघराची वेबसाइट

दिराने दिलेल्या कॉम्प्युटरची जातच वेगळी निघाली. वेबसाइट बनवायचं तिचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालेचना. शोधून शोधून एक स्वस्तातलं मिळालं, तशी तिच्या मनात पाल चुकचुकली.

"एवढं स्वस्त? म्हणजे आपली सगळी माहिती उचलणार!"

"अगं, जगात सगळेच चोर नसतात," नवरा हसला.

"तू गप्प बस. घरात लेकरू आहे आपल्या."

तिने आधी कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. मग आपल्या नव्या पाळणाघराची वेबसाइट केली, पण तिच्यावर ना स्वतःचं नाव घातलं, ना फोटो, ना पत्ता. फक्त 'इथे निरोप ठेवा' एवढी एक चौकट.

एकाही आईने निरोप ठेवला नाही. हौसेने मांडलेल्या गाद्या रिकाम्याच राहिल्या.

एका दुपारी आईमंडळींच्या ग्रुपवर शेजारणीचा मेसेज आला : "बायांनो, सावध! हे कसलं पाळणाघर? बाईचं नाव नाही, चेहरा नाही, पत्ता नाही. नक्की काहीतरी काळंबेरं आहे. पोरांना चुकूनही पाठवू नका!"

तिच्या अंगावर काटाच आला. तिने तो मेसेज घाईघाईने सगळ्या मैत्रिणींना पाठवला.



आणि मग मेसेजखालची लिंक उघडली, तर समोर तिचीच वेबसाइट.